रिकॉम्बिनंट ह्यूमन रॅप प्रोटीन (एलआरपीएपी१) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॅपची व्हायल लॅबमध्ये आली की पहिल्या महिन्यात येणारे प्रश्न जवळपास ठरलेले असतात, माणसं बदलतात पण प्रश्न तेच. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. क्रम साधारण सोप्याकडून अवघडाकडे आहे, आणि एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून मधेमधे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तो उघडून नक्की बघा.

१. रॅप म्हणजे नक्की काय आणि पेशीत त्याचं काम काय?

रॅप म्हणजे रिसेप्टर असोसिएटेड प्रोटीन, जीनचं नाव एलआरपीएपी१, माणसात तो ४ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो. हे पेशीच्या आत ईआरमध्ये (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम, जिथे नवी प्रोटीन घडी घेतात) राहणारं शॅपरोन, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनची घडी सांभाळणारं प्रोटीन आहे, आणि त्याचं गिऱ्हाईक म्हणजे एलडीएल रिसेप्टरच्या कुटुंबातले रिसेप्टर, त्यातही मुख्य एलआरपी१, जो सुमारे ६०० किलोडाल्टनचा अवाढव्य रिसेप्टर आहे. आता अडचण अशी की ज्या पेशीत हा रिसेप्टर तयार होतो त्याच पेशीत बऱ्याचदा त्याचे लायगँड, म्हणजे त्याला चिकटणारे रेणूही तयार होतात, उदाहरणार्थ अपोई हे चरबी वाहणारं प्रोटीन, आणि दोघं ईआरमध्येच एकमेकांना चिकटले तर रिसेप्टर तिथेच अडकून बसतो. रॅप रिसेप्टरच्या चिकटणाऱ्या जागा झाकून ठेवतं, घडी नीट पडायला मदत करतं आणि गोल्जीपर्यंत, म्हणजे पेशीतल्या पुढच्या टप्प्यापर्यंत, सोबत जातं. गोल्जीत पीएच उतरला की रॅपच्या तिसऱ्या डोमेनमधल्या हिस्टिडिनवर चार्ज येतो, पकड सुटते, रिसेप्टर पुढे पेशीच्या पृष्ठभागाकडे जातो आणि रॅप परत ईआरमध्ये येतं. परत येण्याची खूण त्याच्या शेपटाला असते, शेवटची चार अमिनो आम्लं एचएनईएल, म्हणजे ओळखीच्या केडीईएलचीच बहीण.

२. पेपरमध्ये कधी रॅप, कधी रॅप१, कधी एचबीपी-४४ लिहिलेलं असतं, सगळं एकच का?

नाही, आणि यात चुकीची अँटीबॉडी ऑर्डर झाल्याचं मी पाहिलंय. रॅप१ हा रास कुटुंबातला छोटा जीटीपीएज आहे, त्याचा इथे काही संबंध नाही. रॅप्सिन हे स्नायूच्या सिनॅप्सचं प्रोटीन, तेही वेगळं. एचबीपी-४४ मात्र आपलंच, हेपारिनला चिकटतं म्हणून उंदराच्या प्रोटीनला दिलेलं जुनं नाव. अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन रिसेप्टर असोसिएटेड प्रोटीन हेही आपलंच, कारण १९९० च्या सुमाराला हे प्रोटीन पहिल्यांदा त्या रिसेप्टरसोबत शुद्धीकरणाच्या कॉलमवरून उतरताना सापडलं, आणि तो रिसेप्टर म्हणजेच एलआरपी१ निघाला. ऑर्डर करताना जीनचं नाव एलआरपीएपी१ टाकूनच शोधा, म्हणजे प्रश्न मिटला.

३. ईआरमधलं प्रोटीन आहे तर आपण ते मीडियममध्ये बाहेरून का घालतो?

हा प्रश्न विचारलात तर तुम्ही योग्य रस्त्यावर आहात, कारण पुढची निम्मी उत्तरं इथूनच निघतात. रॅप आत जी जागा झाकतं तीच जागा रिसेप्टर पृष्ठभागावर आल्यावर लायगँडसाठी मोकळी असते. आपण बाहेरून भरपूर रॅप दिलं की ते परत तिथे जाऊन बसतं आणि लायगँडला जागा उरत नाही, म्हणजे शॅपरोनचा आपण ब्लॉकर म्हणून वापर करतो. पेशीबाहेरचा पीएच ७.४ च्या आसपास असल्यामुळे ते सुटतही नाही. पण हे लक्षात ठेवा की निसर्गात रॅप हे काम करत नाही, बाहेर ते जवळजवळ नसतंच, त्यामुळे "रॅप घातल्यावर असं झालं" यावरून "पेशीत रॅपचं काम हे आहे" असं लिहू नका. तुमचा निष्कर्ष रिसेप्टरबद्दल आहे, रॅपबद्दल नाही.

४. रॅपने फक्त एलआरपी१ ब्लॉक होतो ना?

नाही हो, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. एलआरपी१, मेगॅलिन म्हणजे एलआरपी२, व्हीएलडीएल रिसेप्टर आणि अपोईआर२ या सगळ्यांना ते काही नॅनोमोलर किंवा त्याहून कमी प्रमाणातच घट्ट धरतं. साध्या एलडीएल रिसेप्टरला मात्र पकड खूप ढिली, शेकडो नॅनोमोलरच्या घरात, त्यामुळे कमी डोसला तो बराचसा मोकळा राहतो आणि जास्त डोसला तोही झाकला जायला लागतो. शिवाय कुटुंबाबाहेरचे दोन, सॉर्टिलिन आणि सॉरएलए, हेही रॅपला धरतात, खरं तर दोघंही १९९० च्या दशकात रॅपच्या कॉलमवर अडकले म्हणूनच हाती लागले. एलआरपी५ आणि एलआरपी६ यांचं शॅपरोन मेस्डी हे वेगळं प्रोटीन आहे, डब्ल्यूएनटीच्या (एलआरपी५ आणि ६ मधून जाणाऱ्या सिग्नलच्या) प्रयोगासाठी रॅपवर विसंबू नका. एकूण काय, रॅप हा कुटुंबाचा ब्लॉकर आहे, एका रिसेप्टरचा नाही. मग एलआरपी१ वेगळा कसा काढायचा ते प्रश्न १३ मध्ये.

५. साइज किती धरायची, आणि अमिनो आम्लांचे नंबर प्रत्येक पेपरमध्ये वेगळे का?

जेलवर सुमारे ३९ किलोडाल्टनला पट्टा दिसतो. पूर्ण साखळी ३५७ अमिनो आम्लांची, त्यातली पहिली ३४ सिग्नल पेप्टाइडची, ती कापली की उरतात ३२३, आणि बाजारात मिळणारं रिकॉम्बिनंट बहुतेक हे ३२३ वालंच असतं. नंबरांचा घोळ याच ३४ मुळे होतो, एकजण सुरुवातीपासून मोजतो आणि दुसरा कापल्यानंतर. लायसिन २५६ आणि २७० ही जी प्रसिद्ध जोडी आहे ती कापल्यानंतरच्या मोजणीतली, पूर्ण साखळीत तीच २९० आणि ३०४ होते. प्रायमर मागवण्याआधी हे एकदा कागदावर मोजा.

६. ई. कोलायमध्ये बनवलेलं ह्यूमन प्रोटीन चालतं का? साखरेच्या साखळ्या तर बसत नाहीत त्यावर.

चालतं. रॅपच्या घडीला डायसल्फाईडचा आधार लागत नाही, तीन डोमेन आहेत आणि तिन्ही हेलिक्सच्या जुड्या, त्यामुळे बॅक्टेरियात ते विरघळलेल्या रूपात छान तयार होतं आणि साखरेच्या साखळ्यांशिवाय रिसेप्टरला नीट धरतं. या क्षेत्रातलं बरंचसं काम अशाच रॅपवर झालंय. सस्तन पेशीतलं महागडं घ्यायची गरज साधारणपणे पडत नाही, एक कारण सोडून, ते पुढच्या प्रश्नात.

७. मॅक्रोफेजवर रॅप घातलं तर टीएनएफ (सूज वाढवणारं प्रोटीन) वाढला, म्हणजे एलआरपी१ सूज दाबतो असं म्हणू का?

थांबा, आधी एंडोटॉक्सिन बघा. ई. कोलायच्या प्रोटीनसोबत एलपीएस, म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणातलं हे एंडोटॉक्सिन, येतंच, आणि मॅक्रोफेज, मायक्रोग्लिया, डेंड्रिटिक सेल्स यांना त्याचा अगदी नगण्य अंशही पुरतो. सर्टिफिकेटवर प्रति मायक्रोग्रॅम किती एंडोटॉक्सिन युनिट आहे ते बघा आणि तुमच्या शेवटच्या डोसने गुणा, कारण रॅप आपण बऱ्यापैकी जास्त वापरतो (प्रश्न ९) त्यामुळे "कमी एंडोटॉक्सिन" असं लिहिलेलं प्रोटीनसुद्धा प्लेटच्या वेलमध्ये गेल्यावर कमी राहत नाही. एलपीएसला निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घालून एक सेट करा.

आणि लोक हटकून करतात तो उकळलेल्या रॅपचा कंट्रोल, त्याबद्दल दोन गोष्टी. उकळल्यावर एलपीएस जात नाही, म्हणजे उकळूनही परिणाम राहिला तर संशय एलपीएसवर, इथपर्यंत ठीक. पण डायसल्फाईड नसलेली हेलिक्सची जुडी थंड झाल्यावर परत काही प्रमाणात घडी घालू शकते, त्यामुळे उकळलेलं रॅप मेलंय असं गृहीत धरू नका, बाइंडिंग करून तपासा. त्यापेक्षा बदललेलं रॅप वापरा, तेही प्रश्न १३ मध्येच आहे.

८. पावडर कशी विरघळवायची आणि कशी साठवायची?

व्हायल उघडायच्या आधी एकदा सेंट्रिफ्यूज करा, पावडर झाकणाला चिकटलेली असते. पत्रकात दिलेल्याच द्रावणात विरघळवा, हळू फिरवा, व्हॉर्टेक्स नको. पातळ करून ठेवायचं असेल तर ०.१ टक्का बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) घाला नाहीतर प्रोटीन नळीच्या भिंतीला जाऊन बसतं. एकावेळी लागतील एवढे छोटे भाग (अलिकोट), उणे ८० डिग्री, आणि एकदा वितळवलेला परत गोठवायचा नाही. बफरमध्ये ईडीटीए (कॅल्शियम बांधून टाकणारं रसायन) आहे का ते मात्र बघाच (प्रश्न १०).

९. डोस किती ठेवू?

एलआरपी१ साठी बहुतेक लोक २०० नॅनोमोलर ते १ मायक्रोमोलरमध्ये काम करतात. टॅग नसलेलं रॅप ३९ किलोडाल्टन धरलं तर १ मायक्रोमोलर म्हणजे मिलीला ३९ मायक्रोग्रॅम, २०० नॅनोमोलर म्हणजे साधारण ७.८ मायक्रोग्रॅम. जीएसटी (शुद्धीकरण सोपं व्हावं म्हणून जोडलेलं टॅग प्रोटीन) लावलेलं असेल तर वजन ६५ किलोडाल्टनच्या आसपास जातं आणि त्याच २०० नॅनोमोलरला १३ मायक्रोग्रॅम लागतात, हा फरक विसरून मायक्रोग्रॅमवर तुलना केलेले आलेख मी खूप वेळा बघितलेत.

पकड काही नॅनोमोलरची असताना एवढं का लागतं, असं विचारतात. कारण लायगँडही तिथे स्पर्धेत असतो, एलआरपी१ वर रॅप बसायच्या जागा एकाहून जास्त आहेत, आणि पेशी रॅप गिळत राहतात. पण म्हणून सरसकट १ मायक्रोमोलर मारू नका, वर गेलात की एलडीएल रिसेप्टरही झाकला जातो. ५ पासून ५०० नॅनोमोलरपर्यंत एकदा कर्व्ह काढा, जिथे परिणाम सपाट होतो त्याच्या किंचित वर थांबा.

१०. रॅप बाइंडच होत नाहीये, प्रोटीन खराब आहे का?

आधी कॅल्शियम बघा, मग प्रोटीनला दोष द्या. रिसेप्टरमध्ये जे छोटे छोटे रिपीट आहेत, प्रत्येकी साधारण ४० अमिनो आम्लांचे आणि तीन तीन डायसल्फाईडचे, त्यांची घडी कॅल्शियमवर उभी आहे. कॅल्शियम काढलं की ज्या आम्लधर्मी खिशात रॅपचं लायसिन जाऊन बसतं तो खिसाच मोडतो. म्हणजे रॅप उत्तम असतं, रिसेप्टरच आकारात नसतो.

मी स्वतः यात जवळपास तीन आठवडे घालवलेत. सेल्स ट्रिप्सिन-ईडीटीएने उचलले, लगेच साध्या पीबीएसमध्ये धुतले आणि फ्लो सायटोमेट्रीला लावले, बाइंडिंग शून्य, नवी व्हायल मागवली तरी शून्य. शेवटी एका सीनियरने विचारलं की कॅल्शियम कुठून येतंय तुझ्या बफरमध्ये, तेव्हा कळलं की कुठूनच येत नाहीये, वर ट्रिप्सिनने पृष्ठभागावरचे रिसेप्टरही कापले होते. तेव्हापासून हेपिस किंवा ट्रिस सलाइन, १ ते २ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराईड, आणि सेल्स उचलायचेच असतील तर मीडियममध्ये काही तास सावरू द्यायचे. फॉस्फेट बफरमध्ये जास्त कॅल्शियम घातलं तर गढूळ होतं म्हणून तो टाळते.

याचा उलटा उपयोगही आहे, ५ मिलीमोलर ईडीटीए घालून जे बाइंडिंग जात नाही ते या रिसेप्टरचं नाही, हा फुकटातला कंट्रोल आहे.

११. सीरम असलेल्या मीडियममध्ये घातलं तर?

शक्यतो नको. सीरममध्ये अपोई आणि या रिसेप्टरचे इतर लायगँड असतात, बॅचप्रमाणे बदलतात, आणि तुमचा कर्व्ह रोज वेगळा येतो. सीरम नसलेल्या मीडियममध्ये एकदा धुवा, रॅप घालून १५ ते ३० मिनिटं थांबा, मग लायगँड द्या. रॅप आधी, लायगँड नंतर.

१२. ४८ तास ठेवायचं आहे, एकदाच घालून चालेल का?

नाही चालणार. एलआरपी१ सतत आतबाहेर करणारा रिसेप्टर आहे, त्याला धरून बसलेलं रॅपही ३७ डिग्रीला आत जातं, आत आम्लात सुटतं आणि लायसोसोममध्ये तुटतं. म्हणजे पेशी तुमचा ब्लॉकर खात असतात. एक दोन तासांच्या अपटेकला (लायगँड पेशीत किती गेला हे मोजायला) काही फरक पडत नाही, पण दिवसभर चालवायचं तर परत परत द्यावं लागतं. फक्त बाइंडिंग बघायचं तर ४ डिग्रीला करा, तिथे आत जाणं थांबतं.

आणि लांबच्या प्रयोगात याहून मोठी गोष्ट वेगळीच होते. एलआरपी१ पेशीभोवतीची साफसफाई करतो, टीपीए, यूपीए आणि पीएआय-१ ची जोडी, थ्रोम्बोस्पॉन्डिन, काही एमएमपी (मॅट्रिक्स कापणारी एन्झाइम), हे सगळं तो आत ओढून घेतो. तुम्ही तो ४८ तास बंद ठेवला की हे सगळं मीडियममध्ये साचतं, आणि मग पेशी जास्त सरकल्या किंवा मॅट्रिक्स कापली गेली तर ती रिसेप्टरचा सिग्नल थांबला म्हणून, की कचरा साचला म्हणून, हे सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर ६ तासांच्या पुढचा कुठलाही रॅपचा निकाल मीडियमची झायमोग्राफी किंवा एलायजा (साचलेली एन्झाइम आणि प्रोटीन मोजण्याच्या चाचण्या) केल्याशिवाय सिग्नलिंगचा म्हणून मांडू नये.

१३. परिणाम एलआरपी१ मुळेच आहे हे रिव्ह्यूअरला कसं पटवू?

नुसत्या रॅपने पटणार नाही आणि पटूही नये (प्रश्न ४). तीन रस्ते आहेत, किमान दोन धरा. पहिला, रिसेप्टर नसलेल्या पेशी. उंदराच्या फायब्रोब्लास्टची पीईए-१३ ही लाइन याच कामाची आहे, एलआरपी१ नसलेली. सूडोमोनासचं एक्झोटॉक्सिन ए हे एलआरपी१ मधूनच पेशीत शिरतं, म्हणून ते विष पचवून जगलेल्या पेशी निवडून ही लाइन काढली. तिच्यात रॅपचा परिणाम दिसायला नको, दिसला तर दुसरा कोणीतरी आहे. दुसरा, सायआरएनए किंवा क्रिस्परने तुमच्याच पेशीत एलआरपी१ चा जीन दाबणं किंवा तोडणं, आणि मग त्यावर रॅप घालून बघायचं की अजून काही कमी होतं का. तिसरा, बदललेलं रॅप, ज्यात लायसिन २५६ आणि २७० काढलेत. रिसेप्टरचे आम्लधर्मी खिसे याच दोघांना पकडतात, २००६ साली तिसऱ्या डोमेनची एलडीएल रिसेप्टरच्या दोन रिपीटसोबतची क्रिस्टल रचना आली तेव्हा हे स्वच्छ दिसलं. त्याच बॅक्टेरियातून, त्याच कॉलमवरून शुद्ध केलेलं बदललेलं रॅप म्हणजे एंडोटॉक्सिन आणि टॅग दोन्हींचा कंट्रोल एकाच नळीत.

१४. जीएसटी लावलेलं रॅप स्वस्तात बनतं, तेच वापरू का?

अपटेक रोखायला वापरता येतं, सोबत नुसत्या जीएसटीचा कंट्रोल तेवढ्याच मोलर प्रमाणात हवा. पण जीएसटी जोडीने राहतं, म्हणजे एका कणाला दोन रॅप, त्यामुळे पकड आहे त्याहून घट्ट वाटते, आणि दोन रिसेप्टर जवळ ओढले जाऊ शकतात. अपोईआर२ आणि व्हीएलडीएल रिसेप्टर यांना रीलिनचा सिग्नल देताना हे असं जवळ येणंच महत्त्वाचं असतं, म्हणून तो सिग्नल मोजायला डीएबी१ या आतल्या प्रोटीनचं फॉस्फोरिलेशन बघत असाल तर जीएसटी काढलेलंच घ्या. काढताना थ्रोम्बिन वापरलं असेल तर ते पूर्ण धुवून टाका, कारण थ्रोम्बिन सर्पिनसोबत (प्रोटिएज अडवणाऱ्या प्रोटीनसोबत) जोडी करून स्वतःच एलआरपी१ चा लायगँड होतं. छोटा हिज टॅग सहसा त्रास देत नाही.

१५. एलआरपी१ नसलेल्या पेशींनाही रॅप चिकटतंय, असं कसं?

हेपारन सल्फेट. रॅप हेपारिनला चिकटतं (त्या एचबीपी-४४ नावाची आठवण ठेवा) आणि पेशीच्या अंगावर हेपारन सल्फेटच्या साखर-साखळ्यांची झालर असतेच. हेपारिनेजने पेशी साफ करून परत बघा, उरलं ते कुटुंबातल्या दुसऱ्या रिसेप्टरचं. ईडीटीएने न जाणारा भागही बऱ्याचदा हाच असतो (प्रश्न १०).

१६. पेशीत प्लाझमिड टाकून रॅप वाढवलं, मागे फ्लॅग टॅग लावला, पण प्रोटीन मीडियममध्येच सापडतंय.

टॅग मागे लावल्यामुळे एचएनईएल झाकलं गेलं. ही परतीची खूण साखळीच्या अगदी शेवटी उघडी असेल तरच ओळखली जाते, तिच्यामागे काहीही जोडलं की रॅप ईआरमध्ये थांबत नाही, बाहेर पडतं आणि बाहेरून ब्लॉकरसारखं वागायला लागतं. टॅग सिग्नल पेप्टाइडच्या लगेच नंतर घाला. बाहेरून घालायच्या शुद्ध प्रोटीनला ही अडचण नाही, तिथे टॅग कुठेही चालतो.

१७. उंदराच्या पेशींवर ह्यूमन रॅप चालेल का? आणि थेट उंदरात?

पेशींवर खुशाल, उंदीर आणि रॅटच्या रिसेप्टरना ते नीट धरतं. प्राण्यात शिरेतून दिलं तर लिव्हरमधला एलआरपी१ ते काही मिनिटांत रक्तातून ओढून घेतो, त्यामुळे एका इंजेक्शनवर दिवसभराचा ब्लॉक मिळेल ही अपेक्षा नको. माणसावर किंवा निदानासाठी अर्थातच नाही, हे संशोधनापुरतं आहे.

१८. रॅप मुळातच नसेल तर काय होतं?

रॅप नसलेले उंदीर १९९५ मध्ये बनवले गेले, ते जगतात, पण लिव्हरमध्ये तयार एलआरपी१ खूप कमी होतो. माणसात एलआरपीएपी१ च्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या कुटुंबांत लहानपणापासून तीव्र मायोपिया सापडलाय, हे २०१३ मध्ये पुढे आलं. डोळ्याचा आणि या रिसेप्टरच्या वाहतुकीचा एवढा जवळचा संबंध असेल असं वाटलं नव्हतं, मला हा धागा फार मोलाचा वाटतो. पण नॉकआउट म्हणजे रिसेप्टर पृष्ठभागावर पोचतच नाही, आणि बाहेरून रॅप म्हणजे पोचलेला झाकला जातो, दोन्हींचे निकाल एकाच तक्त्यात शेजारी ठेवताना हा फरक लिहा.

१९. सगळं बरोबर केलं, तरी माझ्या लायगँडचं अपटेक कमी झालं नाही.

मग तो निकाल खरा असू शकतो, घाबरू नका. तुमचा लायगँड साध्या एलडीएल रिसेप्टरमधून जात असेल, जे २०० नॅनोमोलरला फारसं अडणार नाही, किंवा हेपारन सल्फेटला धरून सरळ आत जात असेल, किंवा तुम्ही लायगँडच इतका ओतलाय की पेशी नुसतं द्रव पितानाही तेवढा आत घेतायत. पण हे म्हणण्याआधी त्याच दिवशी, त्याच प्लेटवर असा एक लायगँड लावा जो रॅपने नक्की अडतो. माझ्याकडे त्यासाठी लेबल केलेलं अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन असतं. ते मेथिलअमीन किंवा प्रोटिएजने सक्रिय केलेलंच हवं, साधं घेतलं तर ते एलआरपी१ ला चिकटतच नाही आणि तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोलच रिकामा जातो. ते अडलं आणि तुमचा लायगँड अडला नाही, तर रॅप ठीक आहे, बफर ठीक आहे, आता दुसरा रिसेप्टर शोधायला लागा.